संदीपचं चांदवड

गांगुर्डे अण्णा आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा सामानाचा टेम्पो खाली उभा होता आणि हमाल कपाट उलट्या बाजूनं जिन्यात घालत होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अण्णा म्हणाले, "आडवं धर, आडवं! दार तुझ्याकडं ठेव!" एवढंच. ओरडले नव्हते, नुसते म्हणाले होते. पण समोरच्या बिल्डिंगला रंग देणाऱ्या दोघांचे ब्रश जागच्या जागी थांबले आणि आमच्या वॉचमननं हातातली काठी आडवी धरली.

आमची सोसायटी नाशिकला आडगाव नाक्याजवळ, हायवेला लागून आहे. ट्रकचे हॉर्न फार ऐकू येतात ही तिथली जुनी तक्रार. अण्णा आल्यावर ती मागे पडली.

आवाज त्यांच्या धंद्याचा होता. चांदवडच्या बाजार समितीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेनं उभे असतात, प्रत्येकात एकेका शेतकऱ्याचा कांदा. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी येतो, मूठभर कांदे उचलून दाबून बघतो आणि समितीचा माणूस भाव पुकारतो. कोणी वाढवलं की वाढलेला भाव पुकारतो. कोणी वाढवेनासं झालं की एकवार, दोनवार, तीनवार, सौदा पक्का. गाडीमागे फार वेळ जात नाही. तेवढ्यात एका घराच्या हंगामाचा निकाल लागतो.

अण्णा याबद्दल बोलायला लागले की वडिलांपासून सुरुवात करत. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, चहा बशीत ओतून.

"माझा बाप माल घेऊन बाजारात यायचा ना ताई, तव्हा भाव रुमालाखाली ठरायचा. दलालाचा हात आत, व्यापाऱ्याचा हात आत, वरून रुमाल. बोटं दाबायची, सोडायची. बाप स्वतःच्या मालापाशी उभा, आन् त्यालाच काय माहीत नाय. विचारायचा, काय ठरलं हो? ते म्हणायचे, तुझ्या फायद्याचंच ठरलं." इथे अण्णा बशी खाली ठेवत. "जो भाव शेवटच्या माणसाला ऐकू गेला तोच खरा. बाकी समदं रुमालाखालचं."

'रुमालाखालचं' हा त्यांचा शब्द सोसायटीत सगळेच वापरायला लागले. एकदा आमच्या चेअरमननी बिल्डिंगच्या रंगाचं काम ओळखीच्या माणसाला परस्पर देऊन टाकलं. अण्णा पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले आणि तोंड वर करून म्हणाले, "चेअरमनसाहेब, रंगाचा भाव काय ठरला?"

चेअरमन गॅलरीत आले. "अण्णा, वर या ना. चहा घेऊ, निवांत बोलू."

"चहा नंतर. आधी भाव. तिथूनच सांगा, सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

त्या आठवड्यात तीन ठिकाणची कोटेशनं नोटीस बोर्डावर लागली आणि काम त्या ओळखीच्या माणसाऐवजी दुसऱ्यालाच मिळालं. चेअरमन बरेच दिवस जिन्यात अण्णा दिसले की मोबाइल कानाला लावत.

स्वतःच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम होता. पोट बिघडलं तर ते सकाळी गॅलरीतून समोरच्यांना सांगत, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला कळे आणि दुपारपर्यंत चार घरांतून ताक येई. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना ते म्हणाले, "मला रडू येतंय, थोडं थांबा," आणि सगळ्यांसमोर रडून घेऊन, तोंड धुऊन पुन्हा येऊन बसले. त्यांनी काही लपवलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढे जे झालं ते मला म्हणूनच जड गेलं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. याद्या करणं हे माझं काम आहे आणि घरीही ती सवय सुटत नाही. अण्णांना याद्यांचं कौतुक नव्हतं. "ज्याला आठवत नाय त्यानं लिहावं," म्हणायचे. पण औषधं संपली, गॅसचा नंबर लावायचा राहिला, की माझ्याकडेच यायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप. हुशार मुलगा. चांदवडहून नाशिकला, नाशिकहून पुण्याला आणि तिथून इंग्लंडला गेला. लहानपणी अण्णा त्याला शाळेतून न्यायला जायचे तेव्हा फाटकापर्यंत जायचेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडून "संदीऽऽप!" म्हणायचे आणि वर्गातला मास्तर म्हणायचा, "गांगुर्डे, निघ. लिलाव निघाला." मुलं हसायची. कॉलेजात गेल्यावर संदीपनं मित्रांना सांगितलं होतं, वडील मार्केट कमिटीत सुपरवायझर आहेत. हे मला अण्णांनीच सांगितलं.

"माझं प्रमोशन समितीनं केलं नाय, पोरानं केलं," म्हणाले आणि मनापासून हसले. मी नाही हसले, म्हणून मला वर म्हणाले, "अहो ताई, त्याचं काय चुकलं? रोज कोण ऐकून घेईल?"

संदीप ज्या गावात राहतो त्याचं नाव अण्णांनी कधी घेतलं नाही. संदीपनं फोनवर वर्णन केलं होतं: लहान गाव आहे, जुनं आहे, दर शनिवारी बाजार भरतो, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येतात. "मग चांदवडच की ते," अण्णा म्हणाले. तेव्हापासून ते 'संदीपचं चांदवड'. सुनेला, रश्मीला, मुलगी झाली तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटत सांगितलं, "संदीपच्या चांदवडला नात झाली." दोघा-तिघांनी विचारलं, मग बघायला कधी जाताय, एसटी तर नाक्यावरूनच मिळेल.

माझी मुलगी तिथून तासाभराच्या अंतरावरच्या शहरात शिकत होती. तिला भेटायला मी ऑक्टोबरमध्ये जाणारच होते. अण्णा एकटे विमानात बसणार नाहीत, तेव्हा मी त्यांना घेऊन जायचं असं संदीपनं आणि मी ठरवलं. व्हिसा झाला, तिकिटं झाली. अण्णांच्या सामानाची यादी मी फ्रिजवर चिकटवली. त्यात त्यांनी पेन्सिलनं खाली 'कांदे' असं घातलं, ते मी खोडलं. त्यांनी पुन्हा घातलं.

जायच्या आधी काही दिवस माझ्या लक्षात आलं की दुधवाल्याला ते दोनदा हाक मारतात. आवाज बसला होता. सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती. मी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात, तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. घशात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, आणि जिथे आहे तिथे नुसती गाठ काढून भागणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला भोक राहील.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मी बोलनार कसा?"

"उपाय आहेत, आजोबा. शिकवतात. वेगळ्या तऱ्हेनं बोलता येतं."

"वेगळ्या तऱ्हेनं म्हंजे किती लांब ऐकू जाईल?"

डॉक्टरांना हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा. ते म्हणाले, "समोरच्या माणसाला."

"ऑपरेशन नाय केलं तर?"

"तर माणूसच राहणार नाही. महिन्याच्या आत करून घ्या. त्यापुढे मी जबाबदारी घेणार नाही."

रिक्षा द्वारका सर्कलला वळली. अण्णा म्हणाले, "तिकीट रद्द करायचं नाय. महिना हाय म्हणाला ना? नातीला बघून येऊ. आन् संदीपला तुम्ही काय कळवायचं नाय. फोनवर सांगायची गोष्ट नाय ही. मी तोंडावर सांगतो. आवाज हाय तवर."

मला ते पटलं. बापानं मुलाला समोर बसवून सांगावं यात गैर काही नव्हतं. मी डॉक्टरांना फोन करून परतीची तारीख सांगितली, त्यांनी ऑपरेशनचा दिवस लिहून घेतला आणि आम्ही निघालो.

विमानतळावर संदीप घ्यायला आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला, अण्णांनी त्याला उभा केला, पाठीवरून हात फिरवला आणि बसक्या आवाजात विचारलं, "बरा हायेस ना?" गाडीत ते पुढे बसले, मी मागे. अण्णा अधूनमधून काही विचारत होते, मेंढ्या कोणाच्या, एवढं गवत कोण कापतं, असं. तासाभरानं संदीप हसून म्हणाला, "अण्णा, एक बोलू? तुम्ही हळू बोलायला शिकलात. खरंच बरं वाटलं. मी रश्मीला म्हणत होतो, बाळ दचकेल."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

मी मुलीकडे राहत होते आणि शनिवारी आगगाडीनं संदीपकडे जात होते. पहिल्या शनिवारी आम्ही सगळे बाजार बघायला गेलो. बाळ बाबागाडीत, रश्मी ढकलतेय, संदीप माहिती सांगतोय, अण्णा पांढऱ्या टोपीवर मफलर गुंडाळून मधोमध.

गाव देखणं आहे, हे मान्य करायला हवं. घरं मधाच्या रंगाच्या दगडांची, काही काळ्या लाकडी चौकटींची. एक खानावळ तर इतकी जुनी की पुढे झुकून रस्त्यावर कोण चाललंय ते बघत असल्यासारखी दिसते. गल्ल्यांची नावं अजून तीच आहेत, मेंढ्यांची गल्ली, लोण्याची गल्ली. आणि मधल्या चौकात बाजार. त्याच्या मध्यभागी दगडी खांबांवर उभी असलेली एक इमारत आहे. खाली चारी बाजूंनी मोकळं, तिथे पूर्वी आसपासच्या खेड्यांतल्या बायका लोणी आणि अंडी विकायला बसायच्या. वर सभागृह.

"इथे बाजार भरवायचा हक्क राजानं लेखी दिलेला आहे, अण्णा," संदीप म्हणाला. "कितीतरी शतकं झाली. तेव्हापासून बाजार चालूच आहे."

"म्हंजे समितीचं लायसन." अण्णांनी एका खांबावर हात ठेवला. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर सगळे खांब घासून गुळगुळीत झाले होते. "टेकून टेकून झालंय हे. माल खपेपर्यंत उभं राहायचं म्हंजे टेकावं लागतंच."

मग ते बाजारात शिरले. चीजचे ठोकळे, पाव, मासळीची गाडी, कुंड्यांतली रोपं. प्रत्येक मालावर किमतीची पाटी. लोक येत, पाटी वाचत, पैसे देत, आभार मानत आणि जात. कोणी घासाघीस करत नव्हतं, कोणी हाका मारत नव्हतं. अण्णा एका भाजीच्या ठेल्याशी थांबले, कांदा उचलला, अंगठ्यानं दाबला, वरचं साल सोलून वास घेतला आणि परत ठेवला. ठेलेवाला बघत राहिला. रश्मीनं घाईघाईनं दोन किलो कांदे घेतले.

"बाजार हाय का वाचनालय?" अण्णा मला म्हणाले.

"शांतपणे होतंय सगळं. चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"होतंय खरं. पण विकणाऱ्याला काय वाटतं आन् घेणाऱ्याला काय वाटतं, ते कळत नाय."

संदीप बाबागाडीचं चाक बघायला वाकला होता. मी हळूच विचारलं, "सांगितलं का?"

"उद्या."

मी पुढच्या आठवड्यात तीनदा फोन केला. एकदा संदीप दमून आला होता. एकदा पाहुणे होते. एकदा बाळाला लस दिली होती, ते रडत होतं. तिसऱ्यांदा मी जरा कडकच बोलले. "अण्णा, हे रुमालाखालचं चाललंय."

पलीकडे अण्णांनी खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पोरगं खूश हाय ताई. आवाज कमी झाला म्हणून. जेवताना म्हणतं, अण्णा, किती छान वाटतंय असं बसून बोलायला. त्याला कसं सांगू, की हा कमी झाला नाय, चाललाय?"

परतीला आठवडा उरला होता. अण्णांनी सांगितलं नसतं तर ते नाशिकला येऊन एकटेच ऑपरेशनला गेले असते, किंवा, आणि मला हीच भीती होती, गेलेच नसते.

दुसऱ्या शनिवारी चौकातल्या त्या इमारतीच्या वरच्या सभागृहात चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी लिलाव होता. पिकं निघाली की दर वर्षी होतो म्हणे. गावकऱ्यांनी घरच्या बागेतलं काही ना काही आणून दिलं होतं: भोपळे, सफरचंदं, मुरांब्याच्या बरण्या, केक. संदीपला वाटलं अण्णांना आवडेल. त्याचा हेतू चांगलाच होता.

हॉल भरलेला होता. लिलाव पुकारायला चर्चच्या कमिटीतले एक गोरेगुलाबी गृहस्थ उभे होते, टक्कल पडलेले, अगदी सभ्य. बोलत होते की प्रार्थना करत होते ते मागच्या रांगेत कळत नव्हतं. आम्ही मागेच होतो. एका भोपळ्याचा भाव काय झाला ते शेजारच्या बाईंनाही माहीत नव्हतं. अण्णा खुर्चीत सरकायला लागले. पुढे झाले, मागे झाले. केक आला आणि गेला. मग माळेसारखी वेणी घातलेले कांदे आले, सुरेख तांबूस, आणि त्या गृहस्थांनी काहीतरी पुटपुटून हातोडा उचलला.

"लाउडर!" अण्णा म्हणाले.

सगळा हॉल मागे वळला. घसा बसलेला असूनही तो आवाज खांबांतून खाली चौकात गेला असणार. संदीपनं डोळे मिटले. "अण्णा, नको. प्लीज."

ते गृहस्थ मात्र हसले. त्यांनी हातोडा अण्णांच्या दिशेनं धरला आणि विचारलं, तुम्हीच येता का? लोक हसले. अण्णा उठले, मफलर काढून माझ्याकडे दिला आणि गेले. हातोडा त्यांनी घेतला नाही. कांद्याची माळ उचलली, दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि सुरू केलं.

"बोला, पाच! पाच पाउंड, पाच, पाच! माल बघा, कोरडा हाय, मान बारीक हाय, ठेवणीचा हाय! पाच कोण म्हणतं? फाइव्ह!"

मी त्यांना लिलाव पुकारताना कधी पाहिलं नव्हतं. त्यात ताल होता, एक शब्द पुढच्या शब्दाला ढकलत होता, आणि ते एकाच वेळी सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होते. ते थांबले तेव्हा सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टीही मारली. कोणी मोबाइलवर चित्रण करत होतं.

अण्णांचा चेहरा उतरला. "टाळ्या नका वाजवू!" ते म्हणाले. "हा तमाशा नाय. मी माल विकतोय. बोली लावा!"

रश्मी उभी राहिली आणि तिनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हसू थोडं ओसरलं, पण हात वर होईना. तेव्हा संदीपनं हात वर केला. लाल कानांनी, खाली बघत, पण केला. "टेन."

"तू हात खाली कर," अण्णा म्हणाले. "माझ्या लिलावात माझ्या घरचा माणूस बोली लावत नाय. कधी लावली नाय, आज बी नाय."

संदीपनं हात खाली घेतला. रश्मीनं हेही सांगितलं. ते सभ्य गृहस्थ हात बांधून गंभीरपणे मान हलवायला लागले, त्यांना हा नियम चांगला माहीत असावा. पुढच्या रांगेतल्या हिरव्या कोटातल्या म्हाताऱ्या बाईंनी काठी वर केली. पाच. कोपऱ्यातल्या पाववाल्यानं सहा म्हटलं. काठी पुन्हा वर. अण्णा या टोकाकडून त्या टोकाकडे भाव नेत होते, परत येताना चढवून आणत होते, लोक माना वळवून बघत होते आणि आता कोणी हसत नव्हतं. पाववाल्यानं मान हलवून माघार घेतली. काठी वरच होती.

"एकवार!" अण्णा म्हणाले. "दोनवार!"

तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घरघर झाली. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे पळाले, ते प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. त्या गृहस्थांनी मदतीला हातोडा पुढे केला, अण्णांनी हातानं थांबवलं. बाईंची काठी थरथरत होती, पण त्यांनी ती खाली घेतली नाही. अण्णांनी मागे बघितलं आणि बोटानं संदीपला बोलावलं.

तो आला. "अण्णा, काय झालं? आवाजाला काय झालं?"

अण्णा त्याच्या कानाशी लागले. शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "तीनवार म्हण. मग सांगतो."

"मी?"

"सौदा अडकलाय. म्हण."

संदीप ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं म्हणाला, "तीनवार." अण्णांनी हात वर करून मागच्या भिंतीकडे दाखवला. संदीपनं त्या भिंतीकडे बघितलं, श्वास घेतला आणि म्हणाला, "तीनवार!"

आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. बाबागाडीतलं बाळ दचकलं आणि रडायला लागलं. अण्णांनी माळ त्या बाईंच्या हातात दिली.

खाली खांबांच्या मधल्या जागेत ते दोघं बोलले. मी आणि रश्मी पायऱ्यांशी बाळाला शांत करत होतो, त्यामुळे अण्णा काय म्हणाले ते मला माहीत नाही. ते एका खांबाला टेकले होते, संदीपचा दंड धरून, आणि ओठ हलत होते. फार वेळ नाही. मग संदीपचा आवाज आला, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा.

"इतके दिवस? आणि मला आता सांगताय? मी कोण आहे तुमचा?"

मासळीवाला सुरी हातात धरून बघायला लागला. दोन बायका थांबल्या. संदीपला एकदम ते सगळे दिसले आणि तो गप्प झाला.

अण्णांनी त्याचा दंड हलवला. मघाशी पाणी प्यायल्यामुळे असेल, थोडासा आवाज परत आला होता. "बोल, बोल," ते म्हणाले. "ऐकू जाऊ दे."

संदीप बोलला. बराच वेळ बोलला, शाळेच्या फाटकापासून सगळं. मी बाबागाडी घेऊन लोण्याच्या गल्लीतून चार चकरा मारून आले.

त्यानंतरचं सगळं माझ्या कामाचं होतं: संदीपचं तिकीट, डॉक्टरांशी बोलणं, विम्याची कागदपत्रं. संदीप आमच्याबरोबरच नाशिकला आला. ऑपरेशन नीट झालं. पुढे अण्णा चांदवडला धाकट्या भावाकडे राहायला गेले, आणि तिथेच काही वर्षांनी झोपेत गेले. मधे मी त्यांना तीन-चारदा भेटले. गळ्याला यंत्र लावून बोलायचे, समोरच्या माणसाला ऐकू जाईल असं. संदीप रोज फोन करायचा आणि त्याचं बोलणं शेजारच्या घरात कळायचं, अशी त्यांच्या भावजयीची तक्रार होती.

पण मला अण्णा आठवतात ते ऑपरेशनच्या सकाळचे. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात स्ट्रेचरवर, हिरव्या झग्यात, टोपीशिवाय. टोपी माझ्या हातात होती. आत नेण्याआधी काहीतरी सही राहिली होती म्हणून थांबवलं होतं. संदीप उशाशी उभा होता. तो म्हणाला, "अण्णा, काहीतरी बोला ना." अण्णा म्हणाले, "काय बोलू? भूक लागलीय."

शेजारच्या टेबलावर तोंडाला मास्क लावलेला एक कर्मचारी सोनोग्राफीच्या पेशंटची नावं घेत होता. कागदातून डोकं वर न काढता. "सोनाबाई अहिरे," तो मास्कमध्ये म्हणाला. कोणी आलं नाही. पुन्हा म्हणाला, आणखी हळू. मग कागद गठ्ठ्याच्या खाली सारत शेजारच्याला म्हणाला, "गेली वाटतं. पुढचं घे."

अण्णा कोपरावर उठले. नर्स म्हणाली, आजोबा, झोपा. त्यांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही.

"सोनाबाई अहिरे!" फाटलेला आवाज होता, पण व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेला. "सोनाबाई अहिरे हाय का कोणी?"

पार तिकडे, लिफ्टच्याही पलीकडे, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी दचकून उठली. पिशवी काखेत मारली, पदर सावरला. "हाय, हाय! मी हाय!" म्हणत ती निघाली.

कर्मचाऱ्यानं कागद पुन्हा वर काढला. अण्णा उताणे झाले. संदीपनं स्ट्रेचर ढकललं आणि दार लागलं तेव्हा ती अजून चालतच येत होती.